लीग सातासमुद्रापार गेली की अडते कुठे?

१९ नोव्हेंबर १९९५ ला बाल्टिमोर स्टॅलियन्स या अमेरिकेतल्या संघाने कॅनडाचा फुटबॉलचा ग्रे कप जिंकला. १९०९ पासून खेळल्या जाणाऱ्या या करंडकावर कॅनडाबाहेरच्या संघाचं नाव लागण्याची ती पहिलीच वेळ, आणि आजतागायत शेवटचीही. पुढच्या हंगामाला बाल्टिमोरमध्ये हा संघच नव्हता. मालकाने बाडबिस्तरा उचलून माँट्रियल गाठलं होतं.

हरणाऱ्या संघाने गाशा गुंडाळला तर कुणाला नवल वाटत नाही. हा तर विजेता होता, आणि त्याला प्रेक्षकांचीही वाण नव्हती. मग बिनसलं काय?

आधी थोडी ओळख. कॅनेडियन फुटबॉल लीग, म्हणजे सीएफएल. तिच्या विजेत्याला मिळतो तो ग्रे कप. हा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू काखोटीला मारून पळायचा तो. अमेरिकेतल्या एनएफएल या बड्या फुटबॉल लीगसारखाच, पण नियम जरा निराळे आणि मैदान मोठं. १९९३ ते १९९५ या तीन हंगामांत या लीगने अमेरिकेत सॅक्रामेंटो, लास वेगास, बाल्टिमोर, मेम्फिस, बर्मिंगहॅम अशा शहरांत संघ काढले. कॅनडाचं मैदान ११० यार्ड लांब, अमेरिकेतलं १००. तिथली स्टेडियमं अमेरिकी मापाने बांधलेली, त्यामुळे काही ठिकाणी मैदान धड बसेचना. १९९४ मध्ये लास वेगासच्या एका सामन्याआधी तर गायकाने कॅनडाचं राष्ट्रगीत चक्क एका नाताळगीताच्या चालीवर म्हटलं! त्या संघाचे प्रेक्षक पुढे इतके आटले, की हंगामातला शेवटचा 'घरचा' सामना कॅनडात एडमंटनला नेऊन खेळावा लागला.

बाल्टिमोरची गोष्ट वेगळी होती. १९८४ च्या मार्चमध्ये तिथला एनएफएलचा कोल्ट्स हा संघ मालकाने रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला हलवला. शहर दहा वर्षं धुमसत राहिलं. १९९४ मध्ये सीएफएलचा संघ आला, त्याने कोल्ट्स हेच नाव घ्यायचा प्रयत्न केला. एनएफएल कोर्टात गेली आणि नाव गेलं. लोकांनी संघाला आणखीच डोक्यावर घेतलं. त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त गर्दी बाल्टिमोरला व्हायची. मग ६ नोव्हेंबर १९९५ ला, ग्रे कपच्या अंतिम सामन्याला तेरा दिवस असताना, जाहीर झालं की क्लीव्हलँडचा एनएफएल संघ बाल्टिमोरला येतोय. झालं! शहराचा राग एनएफएलवर होता, कॅनडाच्या खेळावर माया अशी नव्हतीच. राग निवला आणि स्टॅलियन्सची गरज संपली.

कोल्हापूरच्या माणसाला हे फार फोड करून सांगावं लागू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा, किंवा दिलबहार आणि बालगोपाल असा सामना लागला की ऐन उन्हात गॅलरी का भरते? तिथला फुटबॉल जगात भारी असतो म्हणून नव्हे. त्यापेक्षा कितीतरी सरस खेळ मोबाईलवर फुकटात दिसतो. गॅलरी भरते ती ईर्षेपायी. समोरच्या पेठेला आज खाली मान घालून घरी पाठवायचं, एवढंच. कधी ही ईर्षा हुल्लडीवर जाते आणि पोलिसांना मध्ये पडावं लागतं, ते वाईटच. पण ती नसती तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग इतकी वर्षं टिकली नसती. आणि गंमत बघा, पेठेच्या संघात थेट आफ्रिकेतला खेळाडू आला तरी लोकांना चालतो. पेठ मात्र आपलीच लागते.

लीग म्हणजे मुळात हेच. दहा-वीस संघ एकमेकांशी ठरवून, वर्षानुवर्षं, त्याच त्या सामन्यांतून वैर जोपासतात आणि त्याची तिकिटं विकतात. दुकानदाराला शेजारचं दुकान बंद पडलेलं चालतं. लीगमधल्या संघाला मात्र प्रतिस्पर्धी जगलेला हवा असतो. म्हणून लीगचा एखादा भाग उचलून परदेशात नेला की खेळाडू जातात, चेंडू जातो, कॅमेरे जातात, आणि ईर्षा मागे राहते. परदेशी गेलेल्या लीगचं दुखणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. बाकीची कारणं हिशेबाची आहेत, तीही पाहू.

पण एक गल्लत आधी दूर करायला हवी. फुटबॉलचा विश्वचषक आला की कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, खेळाडूंचे कटआउट उभे राहतात, पेठा वाटून घेतल्या जातात. हे चित्र न्यूयॉर्क किंवा लंडनच्या कचेरीत बसलेल्या माणसाने पाहिलं तर त्याच्या तोंडाला पाणी सुटेल. केवढी बाजारपेठ! पण पाहणारा वेगळा आणि पैसे मोजून दर पंधरवड्याला स्टेडियमवर येणारा वेगळा. पहिल्याला जगातलं सर्वोत्तम हवं असतं आणि ते टीव्हीवर मिळतं. दुसऱ्याला आपलं हवं असतं. परदेशात संघ काढणाऱ्या लीगने पहिल्यांची डोकी मोजलेली असतात आणि खुर्च्या दुसऱ्यांसाठी मांडलेल्या असतात.

या गल्लतीचं सगळ्यात मोठं उदाहरण पुन्हा अमेरिकी फुटबॉलचंच. १९९१ मध्ये एनएफएलच्या पाठबळावर वर्ल्ड लीग सुरू झाली. लंडन, बार्सिलोना, फ्रँकफर्ट इथे संघ, बाकीचे उत्तर अमेरिकेत. दोन हंगामांनंतर ती थांबली, १९९५ मध्ये फक्त युरोपातले सहा संघ घेऊन पुन्हा उभी राहिली, १९९८ मध्ये तिचं नाव एनएफएल युरोप झालं आणि जून २००७ मध्ये ती कायमची बंद पडली. शेवटच्या काळात सहापैकी पाच संघ जर्मनीत होते आणि सहावा ॲमस्टरडॅमला. लंडन, बार्सिलोना, स्कॉटलंड एकेक करून गळाले होते. दर हंगामाला सुमारे ३ कोटी डॉलरचा तोटा होत असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

खेळाडू कुठून यायचे ते पाहिलं की कारण कळतं. बहुतेक सगळे अमेरिकेतून, एनएफएलच्या मुख्य संघांत जागा न मिळालेले, वसंत ऋतूत सरावासाठी धाडलेले. संघात काही स्थानिक खेळाडू हवेत असा नियम होता, पण गाडा ओढायचे ते आलेलेच. कोल्हापूर जिल्ह्यात ही गोष्ट साखर कारखान्याच्या भाषेत चटकन कळेल. गाळपक्षमता उभी केली, चिमणी उभी केली, पण कार्यक्षेत्रात ऊसच नाही. मग ऊस लांबून आणायचा, वाहतूक अंगावर घ्यायची, आणि वाटेत वाळलेल्या उसाचा उतारा कमी पडला म्हणून कपाळाला हात लावायचा. त्यातूनही एखादं कांडं गोड निघालंच तर ते परत जायचं. कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमकडून खेळला. १९९९ च्या हंगामात तो सेंट लुईसकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ॲमस्टरडॅमच्या प्रेक्षकाने यातून घ्यायचं काय? आपल्याकडे चांगला निघालेला माणूस आपला राहत नाही, एवढंच.

लीग बंद झाली त्याच वर्षी, ऑक्टोबर २००७ मध्ये, एनएफएलने लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर न्यूयॉर्क जायंट्स आणि मायामी डॉल्फिन्स यांचा खराखुरा, गुणतक्त्यात मोजला जाणारा सामना भरवला. स्टेडियम भरलं. तेव्हापासून लंडनला हे सामने होत आले आहेत. २०२२ मध्ये म्युनिकला, २०२४ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोला ते पोचले. पण लंडनचा स्वतःचा संघ? दरवर्षी चर्चा होते, संघ होत नाही. जॅक्सनव्हिलचा संघ २०१३ पासून जवळपास दरवर्षी लंडनला एखादा तरी सामना खेळायला जातो आणि परत येतो. हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. वर्षातून दोन-तीनदा जत्रा भरवायची, तंबू उठवायचा, आणि उरलेलं वर्ष टीव्हीवर विकायचं.

आता पैशाचं गणित. मोठ्या लीगचा मुख्य पैसा तिकिटांतून येतच असेल असं नाही. बऱ्याच लीगमध्ये तो प्रक्षेपण हक्कांतून येतो. सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायचे आणि आलेली रक्कम वाटून घ्यायची. अशा वाटणीत नवा संघ घेणं म्हणजे पंगतीत आणखी एक पान मांडणं. तो संघ स्वतःबरोबर टीव्हीचा नवा पैसा आणणार नसेल तर बाकीच्यांच्या वाट्यातून त्याला द्यावं लागतं, आणि ते कोण देणार?

टोरांटो वुल्फपॅकचं नेमकं हेच झालं. हा कॅनडातला 'रग्बी लीग' या रग्बीच्या प्रकाराचा संघ. २०१७ मध्ये तो इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत उतरला आणि जिंकत जिंकत २०२० ला सर्वोच्च सुपर लीगमध्ये पोचला. न्यूझीलंडचा सॉनी बिल विल्यम्स हा जगन्मान्य खेळाडू त्यांनी भल्या मोठ्या रकमेला आणला. टोरांटोत त्यांच्या घरच्या सामन्यांना माणसं यायची, बिअर प्यायची, मजा करायची. वरून पाहिलं तर सगळं छान. आतलं गणित मात्र असं, की इंग्लंडमधले संघ टोरांटोला खेळायला आले की त्यांच्या विमानाचा आणि राहण्याचा खर्च टोरांटोने करायचा, आणि सुपर लीगच्या टीव्हीच्या पैशांतला वाटा टोरांटोला मिळणार नाही. शिवाय कॅनडातल्या थंडीमुळे हंगामाची सुरुवात इंग्लंडमध्येच मुक्काम ठोकून करायची. म्हणजे सगळा डोलारा एका मालकाच्या खिशावर. त्या मोसमातले सुरुवातीचे सहाही सामने ते हरले, मग कोविड आला, आणि जुलै २०२० मध्ये त्यांनी हंगामातून अंग काढून घेतलं. परत घ्या म्हणून अर्ज केला तेव्हा इतर क्लबांनी बहुमताने दार लावलं. टोरांटोमुळे लीगच्या उत्पन्नात नजीकच्या काळात भर पडत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

मला यात इंग्लंडच्या क्लबांचा राग येत नाही. विगन, सेंट हेलेन्स ही लहान शहरं, क्लबही जेमतेम हातातोंडाची गाठ पडणारे. टोरांटोचं स्वप्न पोसायला त्यांनी स्वतःचा वाटा का कमी करावा? चूक आधीच झाली होती. वाटणीचा करार नीट न करता संघ आत घेतला होता.

चलनाचा फटका तर आणखी वेगळाच. १९९५ मध्ये अमेरिकेच्या एनबीएने कॅनडात बास्केटबॉलचे दोन संघ दिले, टोरांटो रॅप्टर्स आणि व्हँकुव्हर ग्रिझलीज. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटांचं उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये. त्या काळात कॅनडाचा डॉलर घसरत घसरत अमेरिकेच्या ६५ सेंटांच्या आसपास आला. म्हणजे स्टेडियम तितकंच भरलं तरी दरवर्षी पगार महाग. शिवाय या दोन्ही संघांना नवख्या खेळाडूंच्या निवडीत सुरुवातीची काही वर्षं पहिला क्रमांक मिळणार नाही, अशी अटच होती. पाय बांधून पळायला लावायचं, आणि वर विचारायचं की पळत का नाही! १९९९ मध्ये व्हँकुव्हरने स्टीव्ह फ्रान्सिस या तरुणाला निवडलं, तर तो म्हणाला मी तिथे खेळणार नाही, आणि अखेर त्याला ह्यूस्टनला द्यावं लागलं. २००१ मध्ये ग्रिझलीज मेम्फिसला गेले.

बेसबॉलच्या माँट्रियल एक्सपोजचीही अशीच रडकथा. १९६९ मध्ये सुरू झालेला संघ, शेवटी शेवटी 'घरचे' काही सामने प्युएर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये खेळायचा. २००५ मध्ये तो वॉशिंग्टनला स्थलांतरित झाला.

अंतराचा मुद्दा आपल्याला वाटतो तितका साधा नाही. कोल्हापूरहून मुंबईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलं की दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. सुपर रग्बी या मुख्यतः दक्षिण गोलार्धातल्या देशांच्या लीगमध्ये २०१६ ला जपानचा सनवुल्व्ह्ज हा संघ घेतला गेला आणि गटवाटपात तो ठेवला दक्षिण आफ्रिकेच्या गटात. टोकियो कुठे, जोहान्सबर्ग कुठे! त्याच वर्षी अर्जेंटिनाचाही संघ आला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, जपान, अर्जेंटिना, आणि जपानचे काही 'घरचे' सामने सिंगापूरला. खेळाडू झोपणार कधी? प्रेक्षकांचंही तेच. एका देशात संध्याकाळ असते तेव्हा दुसरीकडे पहाटेचे तीन. सामना पाहायला मिळाला नाही की गप्पा होत नाहीत, गप्पा झाल्या नाहीत की वैर जमत नाही. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालं की २०२० नंतर सनवुल्व्ह्ज लीगमध्ये नसतील. त्यांना ठेवायचं तर जपानच्या संघटनेने पदरचे पैसे घालावेत अशी अपेक्षा होती, ती तिने मान्य केली नाही. आणि त्याच वर्षी जपानमध्ये रग्बीचा विश्वचषक झाला, जपानने आयर्लंड आणि स्कॉटलंडला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, सारा देश रग्बीमय झाला. लीगने दार लावलं आणि मग पाहुणे आले.

यजमान देशातल्या कारभाऱ्यांना विसरून चालत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००८ मध्ये हंगामात एक जादा सामना परदेशात खेळवण्याची कल्पना मांडली होती. एकोणचाळिसावा सामना. चहूबाजूंनी ओरड झाली आणि ती बारगळली. स्पेनच्या ला लीगाने जिरोना आणि बार्सिलोना यांचा सामना मायामीत न्यायचं ठरवलं, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये फिफाच्या परिषदेने सुनावलं की लीगचे अधिकृत सामने आपापल्या देशातच व्हावेत. २०२५ मध्ये व्हिलारेआल आणि बार्सिलोना यांचा सामना मायामीला नेण्याची पुन्हा तयारी झाली, खेळाडू आणि चाहते भडकले, बेत रद्द. विरोधाचं मूळ एकच. तिकडचे आयोजक आपला सामना पाहुण्याला का देतील, आणि इकडचा अख्ख्या हंगामाचं तिकीट काढलेला माणूस स्वतःच्या घरचा सामना का सोडेल?

सरकारं तर त्याहून बिकट. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएमधल्या ह्यूस्टन संघाच्या एका पदाधिकाऱ्याने हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने एक ट्वीट केलं आणि चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीएचं प्रक्षेपणच थांबवलं. याओ मिंग या चिनी बास्केटबॉलपटूच्या काळापासून चीनमध्ये जमवलेला पसारा एका ओळीपायी अडकला. आपल्याकडे फॉर्म्युला वनची शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं नोएडाजवळ झाली. ती खेळात मोडते की करमणुकीत, आणि कर किती, हा वाद तिच्या गळ्यात पडला तो पडलाच.

क्रिकेटचं काय, हे विचारल्याशिवाय आपल्याकडचा कुठलाच वाचक सोडणार नाही. इथे पहिल्यांदाच निर्यात करणारे आपण आहोत. दक्षिण आफ्रिकेची एसए२० ही लीग जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिचे सहाही संघ आयपीएलच्या मालकांनी घेतले. अमेरिकेत त्याच वर्षी मेजर लीग क्रिकेट आली, तिथेही एमआय न्यूयॉर्क, टेक्सास सुपर किंग्ज अशी ओळखीची नावं. दोन्हींत फरक मोठा. दक्षिण आफ्रिकेत क्रिकेट आधीपासून आहे, मैदानं आहेत, शाळा-क्लबांतून खेळाडू येतात. त्यांच्याकडे पैसा नव्हता, तो गेला. अमेरिकेत पैसा आहे, खेळपट्टी नाही.

हे शब्दशः घ्या. जून २०२४ च्या टी-२० विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत एका उद्यानात काही महिन्यांत ३४ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं केलं गेलं. खेळपट्ट्या ॲडलेडच्या क्युरेटरच्या देखरेखीखाली फ्लोरिडात, मोठाल्या ट्रेमध्ये वाढवल्या, ट्रकवर चढवल्या आणि न्यूयॉर्कला आणून जमिनीत बसवल्या. माती बसायला, मुळं धरायला वेळ कुठला? ३ जूनला पहिल्याच सामन्यात श्रीलंका ७७ धावांत गारद. चेंडू कधी गुडघ्याला, कधी हनुवटीला. ९ जूनला भारताने पाकिस्तानसमोर फक्त ११९ धावा केल्या आणि तरीही ६ धावांनी जिंकला. आपल्याला थरार वाटला. पण जो अमेरिकी माणूस पहिल्यांदा क्रिकेट पाहायला बसला असेल, त्याला षटकारांऐवजी अंगावर चेंडू खाणारे फलंदाज दिसले. आठ सामने झाले आणि स्टेडियम उकलून नेलं.

त्याच स्पर्धेत अमेरिकेने डॅलसला पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईत वाढलेला, अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअरची नोकरी करणारा. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला, पण लीगच्या दृष्टीने हीच अडचण आहे. तिथे खेळणारे बहुतेक भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडिजच्या कुटुंबांतले, आणि गॅलरीतलेही बहुतांशी तेच. शिवाय भारताकडून खेळणाऱ्या किंवा अजून निवृत्त न झालेल्या पुरुष खेळाडूंना बीसीसीआय परदेशी लीगमध्ये खेळू देत नाही. मालक मुंबईचा, जर्सीचा रंग मुंबईचा, पण ज्याला पाहायला लोक येतील तो मुंबईतच.

मग जमलंय कुणाला? टोरांटो रॅप्टर्सला. व्हँकुव्हरबरोबरच, त्याच अटींवर सुरू झालेला संघ. पण त्यांच्याकडे मोठं शहर होतं, भक्कम मालक होते, आणि विन्स कार्टरसारखा खेळाडू अगदी योग्य वेळी आला. त्याला पाहून गल्लोगल्ली पोरं बास्केटबॉल खेळायला लागली. विजेतेपद २०१९ मध्ये मिळालं, सुरुवातीनंतर २४ वर्षांनी. आणि २०२५ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला शाय गिल्जस-अलेक्झांडर टोरांटोत जन्मलेला आणि जवळच्याच हॅमिल्टनमध्ये वाढलेला. तो खेळतो ओक्लाहोमाकडून, ही गोष्ट निराळी. कार्यक्षेत्रात ऊस पिकायला एक अख्खी पिढी लागली.

आपल्या खासबागेतही क्रम असाच आहे. शाहू महाराजांनी पंजाबातले नामांकित मल्ल कोल्हापुरात आणले, त्यांना राजाश्रय दिला. पण ते काही चार कुस्त्या करून परतायला आलेले नव्हते. इथल्या तालमींत इथल्या पोरांबरोबर ते घुमले. खासबाग मैदान १९१२ मध्ये बांधलं गेलं तेव्हा पेठापेठांत तालमी होत्याच. आधी आखाडे, मग मैदान. परदेशात जाणाऱ्या लीगचा खाक्या बरोबर उलटा असतो, आधी उद्घाटन, आतषबाजी, मग खेळाडूंचा शोध. आपल्याच राज्यात, पुण्याला २०१४ मध्ये आयएसएल या फुटबॉल लीगचा एफसी पुणे सिटी आला, पाच वर्षं बालेवाडीत खेळला आणि २०१९ मध्ये बंद झाला. फ्रँचायझी हैदराबादला गेली. ही देशातल्या देशातली गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉलसाठी जीव टाकणारी माणसं २०० किलोमीटरवर होती, पण त्यांना पुण्याच्या संघाशी काय देणंघेणं? २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव मात्र ज्या संघात गेला, तिथे त्याच्यावर इकडच्या लोकांची नजर राहिली.

ऑस्ट्रेलियाची रग्बी लीग २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ घेणार आहे. देश गरीब, पण तिथे रग्बी लीग हाच लोकांचा खेळ, आवडीचा वगैरे नव्हे, वेडाचा. ईर्षा आणि खेळाडू दोन्ही आहेत, पैसा नाही. तो ऑस्ट्रेलियाचं सरकार देणार, दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. यामागे चीनला त्या बेटांपासून दूर ठेवायचं राजकारण आहे, हे कुणी लपवतही नाही. हा संघ सुरुवातीला सपाटून हरेल असं मला वाटतं, आणि तरीही टिकेल असंही वाटतं.

दुसऱ्या टोकाला एनबीए. मार्च २०२५ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाबरोबर युरोपात नवी लीग काढायचा विचार जाहीर केला. साधारण सोळा संघ, त्यांतल्या बारांची जागा कायमची, बाकीचे कामगिरीवर. लंडन, पॅरिस, बर्लिन अशी शहरं चर्चेत आहेत. युरोपात युरोलीग आधीपासूनच आहे, आणि तीही मागे नाही, २०२५ मध्ये तिने दुबईचा संघ आत घेतला. तिथे बेलग्रेडचे पार्टिझान आणि रेड स्टार आहेत, अथेन्सजवळचा ऑलिंपियाकोस आणि अथेन्सचा पॅनाथिनाइकोस आहेत. या सामन्यांना होणारा आवाज ऐकलात तर शाहू स्टेडियमची आठवण होईल, धूर तर त्याहून जास्त. लंडनचा मात्र आज युरोलीगमध्ये एकही संघ नाही. पैसा तिथे आहे, विमानतळ तिथे आहेत, चकचकीत सभागृहं तिथे आहेत. एनबीए आधी कुणाच्या दारात जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. मला तिकीट काढायचं झालं तर मी बेलग्रेडचं काढीन.